मोबाईल असताना रोलचा कॅमेरा कशाला?



सत्तर-ऐंशीच्या दशकात कोकणातून आखातात आलेली माणसं सुट्टीला जाताना टेपरेकॉर्डर, कॅमेरा घेऊन जायची. काकांनी तेव्हा नेलेला ऑलिम्पस ट्रिप ३५ मी यंदा रत्नागिरीहून परत दुबईला आणला. १९६७ ते १९८४ या काळात बनलेला हा छोटा कॅमेरा. सेल लागत नाही, सेलेनियमचा मीटर उजेडावरच चालतो. उजेड कमी पडला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर येते आणि फोटो निघतच नाही.

मित्र विचारतात, "ही हौस कशाला?" फोटो मोबाईलचाच चांगला येतो, मान्य. पण आपले हजारो फोटो क्लाउडवर पडून असतात, आणि गावी आईच्या अल्बममधला शेवटचा फोटो अजून नातवाच्या बारशाचाच असतो. रोलमध्ये जेमतेम ३६ फोटो, त्यामुळे विचार करून काढले जातात. मात्र हल्ली बऱ्याच लॅब नुसते स्कॅन ईमेल करतात. तेवढ्यावर थांबलात तर रोलचा खर्च वाया! प्रिंट काढा, निगेटिव्ह आठवणीने परत मागून घ्या.

दोन पथ्यं पाळा. उन्हाळ्यात रोल गाडीत ठेवू नका. विमानप्रवासात तो चेक-इन बॅगेत टाकू नका. हातातल्या सामानाला सीटी स्कॅनर असेल तर रोल हाताने तपासायची विनंती करा.

आणि हो, जुना कॅमेरा महागात विकत घेण्याआधी घरचं कपाट उघडून बघा. पुढच्या सुट्टीला जाताना आईसाठी एक भरलेला अल्बम न्या.