गळा बदलला म्हणून गाणं थांबवायचं का?

जुना बँड नवा गायक घेऊन मंचावर आला की आक्षेप ठरलेला असतो: मूळ गळा गेला, आता नुसत्या नावावर तिकीट खपवताहेत. लंडनच्या ‘क्वीन’नं हे पुष्कळ ऐकलं. पाचगणीच्या शाळेत शिकलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ साली गेला आणि पुढं त्याची गाणी अॅडम लॅम्बर्ट गाऊ लागला. मराठी रंगभूमीवर हाच वाद ‘कट्यार काळजात घुसली’च्या वाट्याला आला.

हे नाटक विदर्भाला विशेष जवळचं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, तर नाटकातले खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. १९६७च्या डिसेंबरात पहिला प्रयोग झाला, वसंतराव १९८३ साली गेले. २०१० साली नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले आणि ‘आजोबांची सर नाही’ हे ऐकू येऊ लागलं.

सर नसेलही. पण ‘मूळ तेच खरं’ हा नियम लावला तर मराठी संगीत नाटक कधीच बंद पडलं असतं. ‘सौभद्र’ १८८२चं. त्यातली भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा लोकांनी डोक्यावर घेतली होती. भाऊराव १९०१ साली वारले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आले आणि पुढं सुभद्रा त्यांनी केली. भाऊरावांना ऐकलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांचं ऐकून मंडळीनं ‘सौभद्र’ गुंडाळून ठेवलं असतं, तर बालगंधर्वांची सुभद्रा महाराष्ट्राला दिसलीच नसती. आज ज्यांना आपण मूळ मानतो, तेही एकेकाळी दुसऱ्याच्या जागी आलेले होते.

‘ही नक्कल आहे’ हा दुसरा आक्षेप. ध्वनिमुद्रिकेत तान दरवेळी त्याच जागी येते आणि तिथंच संपते. प्रयोगात तसं होत नाही. ऑर्गनवाला सूर धरून थांबतो, गायक तबल्याकडं एकदा बघतो, सभागृहातून ‘वन्स मोअर’ येतो आणि तीच ओळ दुसऱ्या वेळी निराळ्या वाटेनं समेवर उतरते. ही मोकळीक घेणारा गायक नक्कल करत नसतो. शिवाय ‘कट्यार’ची गोष्टच मुळी घराण्याची विद्या कुलूपबंद ठेवण्याविरुद्धची आहे. चोरून ऐकून शिकणाऱ्या सदाशिवच्या बाजूनं प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मग बाहेर येऊन नव्या गळ्याला दार बंद करायचं, हा कुठला न्याय?

आणि हा आक्षेप घेतो कोण? ज्यांना वसंतराव प्रत्यक्ष ऐकायला मिळाले ते. उमरखेड तालुक्यातलं ढाणकी हे यवतमाळच्या दक्षिण टोकाचं, मराठवाड्याला लागून असलेलं गाव. तिथं १९९० साली जन्मलेल्या माणसाला मूळचे खाँसाहेब फोनमध्येच भेटणार. त्याला ‘मूळचंच ऐक’ म्हणणं म्हणजे ‘तू समोर बसून कधी ऐकूच नकोस’ असं सांगणं आहे. विदर्भाला तर हा सोवळेपणा मुळीच शोभत नाही. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, तरी त्यांची भजनं गावोगावी खंजिरीवर चालूच आहेत. महाराजांचा आवाज नाही म्हणून भजनी मंडळानं खंजिरी खाली ठेवावी, असं कुणी म्हणालेलं नाही.

एक अट मात्र हवी, आणि ती कडक हवी. जाहिरातीत दिवंगत कलावंताचा चेहरा मोठा आणि आज गाणाऱ्याचं नाव कोपऱ्यात, हा सरळ फसवणुकीचा व्यवहार आहे. ‘क्वीन’नं इथं नीट वाट दाखवली. त्यांचे कार्यक्रम ‘क्वीन + अॅडम लॅम्बर्ट’ या नावानंच लागतात, त्यामुळे तिकीट काढणाऱ्याला आपण कुणाला ऐकायला चाललो हे ठाऊक असतं.

नाट्यसंस्थांनी अशा जाहिराती कराव्यात आणि दौरे मुंबई-पुण्यात न संपवता पुसद-उमरखेडपर्यंत आणावेत. प्रयोग आला तर ढाणकीकरांनी तिकीट काढून जावं आणि समोर जो गातो आहे त्याचं गाणं ऐकून मत द्यावं.