पैसे कापले, पुढे काय?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानात हे आता नेहमीचे झाले आहे. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करते, पिन दाबते, खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज येतो आणि गल्ल्याजवळचा स्पीकर मात्र गप्प. 'आलं न्हाईत वो,' दुकानदार म्हणतो. ॲपवर एकच ओळ दिसते: 'व्यवहार प्रक्रियेत आहे.' कुणाकडे अडकला, कधी सुटणार, काही नाही. मागे रांग असते म्हणून गिऱ्हाईक मुकाट्याने रोख काढते.

बँका ॲपचे रंगरूप दरवर्षी बदलतात आणि पाच तारे मागतात. पण ग्राहकाचे समाधान ठरते ते या अडलेल्या मिनिटांत. माहिती-प्रणालींचे अभ्यासक डिलोन आणि मॅक्लिन यांनी १९९२ मध्ये यंत्रणेची आणि माहितीची गुणवत्ता हे प्रणालीच्या यशाचे निकष धरले. २००३ मध्ये त्यात सेवेची भर घातली. आपल्याकडे घोडे माहितीपाशीच पेंड खाते.

कारण पैसे परत मिळण्याचा नियम आहे; तो ग्राहकाला सांगितला जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे रोज शंभर रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. मग परताव्याची ही तारीख 'प्रक्रियेत आहे'च्या खाली छापायला बँकांचे हात कोणी धरले आहेत?

ऊसबिल आणि दूधबिल सहकारी बँकेच्या खात्यात घेणाऱ्या या जिल्ह्याला तर हे जास्तच लागू. छोट्या बँकांची यंत्रणा बहुधा दुसऱ्याच कंपनीच्या हाती असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या अशाच एका कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय व्यवहार थांबले. दोष बँकेचा नसेलही. पण खातेदाराला खरे कारण सांगण्याची जबाबदारी तिचीच. शाखेतला कारकून 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच सांगतो, कारण त्यालाही तेवढेच कळलेले असते.

अडकलेल्या व्यवहाराचे कारण, परताव्याची तारीख आणि भरपाईचा हक्क ॲपवर मराठीत दिसलाच पाहिजे. तोवर वाचकांनी व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि मुदत उलटताच बँकेकडे भरपाई लेखी मागावी.