राजधानी गेली, पेठ राहिली

धार आणि देवास या दोन्ही नगरांनी एके काळी राजधानीचा मान भोगला आहे. १९४८ साली धार, देवास थोरली पाती व देवास धाकटी पाती ही तिन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पुढे १९५६ साली मध्य प्रदेशाची रचना झाली आणि राजधानीचा मान भोपाळकडे गेला. दरबार उठला, स्वारी थांबली, चौघडा मुका झाला. परंतु राजवाड्याच्या छायेत वाढलेली पेठ मात्र उठली नाही. दुकानांच्या फळ्या रोज सकाळी नित्याप्रमाणे निघत राहिल्या. या जुन्या पेठेविषयी व्यापारी म्हणून आपले कर्तव्य काय, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने व्हावा, असे आम्हास वाटते.

राजधानी ही राजाने द्यावी व राजाने न्यावी अशी वस्तू आहे. ११ व्या शतकात भोजराजाची धारा साऱ्या भारतवर्षात विद्येसाठी विख्यात होती. त्याच्याही पूर्वी, ९७२ साली, धनपाल कवीने आपल्या धाकट्या बहिणीसाठी ‘पाइयलच्छी’ हा प्राकृत कोश याच नगरीत रचला. बहिणीला शब्दकोश भेट द्यावा, असे ज्या नगरीत भावाला वाटले, तिची संस्कृती निराळी सांगावयास नको. पुढे परमारांचे राज्य गेले. १५ व्या शतकाच्या आरंभी माळव्याच्या सुलतानांनी राजधानी मांडवगडास नेली. तरीही धार ओसाड पडली नाही, आणि १८ व्या शतकात पवार घराण्याच्या कारकिर्दीत ती पुन्हा राजधानी झाली.

उलट मांडवगडाची कथा पाहा. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या त्या गडावर संग्राम सोनीसारखे धनाढ्य जैन श्रावक नांदून गेले. आज तेथे ‘गदाशाहचे दुकान’ या नावाने ओळखली जाणारी एक भव्य वास्तू प्रवाशांना दाखवितात. भिंती उंच आहेत, कमानी रेखीव आहेत. नाही ती केवळ गादी, तराजू आणि गिऱ्हाईक. सत्ता गेल्यावर जेथे पेठ टिकत नाही, तेथे राजधानीचे प्रेक्षणीय स्थळ होते. आपल्या गावांचे तसे होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

देवासचे उदाहरण तर अधिक बोधप्रद आहे. एकाच गावात दोन भावांच्या वंशजांची दोन राज्ये होती. मुख्य रस्त्याच्या एका अंगास एका पातीचा अंमल, तर दुसऱ्या अंगास दुसऱ्या पातीचा. पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा निरनिराळी. तथापि गिऱ्हाइकाने हळद एका राज्यात घ्यावी व धोतरजोडी रस्ता ओलांडून दुसऱ्या राज्यात घ्यावी, यास कोणाची आडकाठी नव्हती. राज्य वाटले गेले, तरी बाजार एकच राहिला.

आज मात्र ही वाटणी आपल्याच वाड्यांत शिरली आहे. भावाभावांत माडी एकाची, ओटा दुसऱ्याचा, जिना तिसऱ्याचा. म्हणून कौले कोणीच शाकारीत नाही. देवासात देशाच्या नोटा छापल्या जातात, धार जिल्ह्यात पिथमपूरचे कारखाने उभे आहेत, इंदूरची मोठी बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. अशा वेळी तरुण पिढीला अरुंद गल्लीतील पेढी नकोशी वाटली, तर तिला बोल कसा लावावा? मोटार उभी करावयास जागा नाही, जुनी तुळई केव्हा खाली येईल याचा भरवसा नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

परंतु या अडचणींपैकी निम्म्या आम्हीच निर्माण केल्या आहेत, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. ओट्याखाली उतरून रस्त्यावर माल आम्हीच मांडला. राहत्या माड्यांच्या वखारी आम्हीच केल्या. गिऱ्हाइकाची वाट आम्हीच अडविली आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून हळहळलो. गरजेहून अधिक जागा व्यापू नये, हे आपल्या धर्माने शिकविलेले तत्त्व दुकानाच्या उंबरठ्यापाशी थांबावे काय?

यास्तव आम्ही सभासद बंधूंपुढे चार सूचना ठेवितो. ठोक मालाच्या वखारी गावाबाहेर न्याव्यात, पण विक्रीची गादी पेठेतच ठेवावी. ओट्याबाहेरचा माल प्रत्येकाने स्वतः होऊन आत घ्यावा आणि आपली वाहने पेठेबाहेर उभी करावीत. वाडा पाडण्यावाचून गत्यंतर नसेल, तर पाडण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. आणि जुन्या चोपड्या रद्दीत न घालता संघाच्या हवाली कराव्यात. त्या रोजमेळांत व खतावण्यांत केवळ देणेघेणे नाही. कोणत्या साली काय भाव होता आणि कोणत्या गावाशी कोणता व्यवहार होता, हा या राजधान्यांचा खरा इतिहास तेथेच आहे.

या कामी शासनाने साह्य करावे, हे योग्यच. पण आरंभ शासनाने करावा, अशी वाट पाहत बसणे व्यापाऱ्यास शोभत नाही. राजधानी आपण टिकवू शकलो नसतो. ते आपल्या हाती नव्हतेच. पेठ मात्र आपल्या वडिलांनी आपल्या हाती दिली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती देताना जमेची बाजू रिकामी राहू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.