सन्मान निधीच्या साहेबांस

दिल्लीच्या आणि मुंबईच्या साहेबांस, सापगाव, तालुका शहापूर येथून नमस्कार.

तुमच्या योजनेच्या नावात 'सन्मान' आहे, म्हणून हे पत्र. नुसतं 'अनुदान' म्हटलं असतंत तर गप्प बसलो असतो; रांगेची आम्हाला सवय आहे.

मागल्या वर्षी भर आवणीत केवायसीसाठी शहापूर गाठलं. दिवस मोडला. यंत्रावर अंगठा ठेवला, उमटेना. धोतराला पुसून ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला, दहाही बोटं झाली. यंत्रावरचा पोरगा म्हणाला, "बाबा, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत." चाळीस वर्षं चिखलात रोपं खोचल्यावर कुठून राहणार? शेतकरी असल्याचा माझ्याजवळचा सगळ्यात जुना दाखला तोच, आणि यंत्राने नेमका तोच नाकारला. शेवटी पुतण्याच्या मोबाइलसमोर पापण्या मिटल्या-उघडल्या, तेव्हा मी मी ठरलो.

एवढ्यावर भागत नाही. खातं आधारला जोडा, विम्यासाठी बांधावर उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो काढा (रेंज मात्र टेकडीवर), आता शेतकरी ओळख क्रमांक घ्या. आमच्या आळीतल्या एकाला तर बापाने जिवंतपणीच वाटणी करून दिली, तो फेरफार २०२० चा. तुमचा नियम सांगतो, १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही. मेलेल्याच्या वारसाने आली तर चालते. बाप अजून धडधाकट आहे, म्हणून पोरगा अपात्र.

हिशेब मी भातात करतो. (तुमच्या कागदांत त्याला धान म्हणतात.) योजना आली तेव्हा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला १७५० रुपये होता, तुमचे वर्षाचे सहा हजार म्हणजे साडेतीन क्विंटलला थोडे कमी. २०२५-२६ चा भाव २३६९. सहा हजार तेवढेच राहिले, भात झालं अडीच क्विंटल. राज्याने २०२३ पासून वर सहा हजार घातले, ते नाकारत नाही. हेक्टरी वीस हजारांचा बोनसही जाहीर होतो. माझं रान सव्वा एकर, म्हणजे दहा हजार. पण तो हातात पडतो तोवर पुढच्या सालाचा राब भाजून झालेला असतो, बियाणं उधारीवर आलेलं असतं.

खरं लागलं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. कापलेलं भात खाचरात आडवं होतं आणि पाऊस आला. चार दिवसांत लोंब्यांना कोंब फुटले. पंचनाम्यासाठी तसंच ठेवावं तर पेंढाही कुजतो, उचलावं तर नुकसान दिसत नाही. विम्याचं विचारलं. एक रुपयाचा विमा त्याच खरिपात बंद झाला होता, आणि कापणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही राज्याने त्याच वर्षी काढून टाकली होती. आता महसूल मंडळात कापणी प्रयोग होणार, सरासरी उतारा घटला तर सगळ्यांना मिळणार, नाहीतर कुणालाच नाही. माझं खाचर सरासरीत कुठे शोधायचं?

पुढला हप्ता कधी, ते विचारत नाही. योजनेच्या नावातून तेवढा सन्मान काढा. मग अंगठा द्यायला मी परत येईन, माझी काही तक्रार नसेल.

आपला,
सापगावचा एक भात-शेतकरी
(सही केली आहे. अंगठा उमटत नाही.)