तिहेरी शर्यत आणि शेतकऱ्याचें ताट

या मासिकांतून बी-बियाणें, खतें व जनावरांचा खुराक यांची चर्चा वारंवार होते, आणि ती योग्यच आहे. परंतु घरांतील तरुण मुलांच्या खुराकाचा हिशेब आपणांपैकीं किती जण ठेवतात? माझी हयात महसुली दप्तरांत आंकडे जुळविण्यांत गेली. तरी हा एक हिशेब मीं स्वतःच चुकविला, म्हणून हे चार शब्द.

माझा पुतण्या शेती सांभाळून तिहेरी शर्यतीची तयारी करतो. तींत दीड किलोमीटर पोहणें, लागलीच चाळीस किलोमीटर सायकल आणि शेवटीं दहा किलोमीटर धांवणें असतें. सन २००० च्या सिडनी येथील सामन्यांपासून ऑलिंपिकमध्यें हिचा समावेश झाला आहे. आमचें घर माळकरी, मांस-अंडें वर्ज्य. भाकरी खाऊन हें जमावयाचें नाहीं, असें गांवांत जो तो म्हणे. हें म्हणणें खरें नव्हे. अमेरिकेंतील डेव्ह स्कॉट यानें हवाई बेटांवरील याहूनही मोठी तिहेरी शर्यत १९८० ते १९८७ या काळांत सहा वेळां जिंकली, आणि त्या दिवसांत तो शाकाहारी होता.

हिवाळा हा या तयारीच्या पायाभरणीचा काळ होय. या दिवसांत वेगापेक्षां दम वाढवावयाचा असतो. अंतर आठवड्यागणिक थोडें थोडें वाढवावें आणि एक दिवस पूर्ण विश्रांति घ्यावी. पिकामागून पीक घेतल्यानें जमीन थकते, तसेंच शरीराचें आहे. पहांटे अंगांत ऊब येईपर्यंत सावकाश चालावें. विहिरीचें पाणी त्या वेळीं हवेहून ऊबदार असतें. बाधतो तो वर आल्यावरचा वारा, म्हणून पंचा व गरम कपडे हाताशीं असावेत. विहिरींत एकट्यानें मात्र कधींही उतरूं नये. थंडींत तहान कमी लागते, पण घाम जातोच. यास्तव पाणी आठवणीनें प्यावें.

आतां ताटाचा हिशेब पाहूं. असे कष्ट करणाऱ्यास वजनाच्या दर किलोमागें रोज १.२ ते २ ग्रॅम प्रथिनें लागतात, असें क्रीडावैद्यक सांगतें. म्हणजे साठ किलोच्या मुलास ७२ ते १२० ग्रॅम. चारशें ग्रॅम ज्वारी-बाजरीच्या पिठांत सुमारें ४०, दीडशें ग्रॅम डाळी-कडधान्यांत ३०, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२ आणि अर्धा लिटर दुधांत १६. बेरीज ९८. धान्यांत लायसीन हा घटक उणा असतो, तो डाळींत भरपूर. म्हणून भाकरी व वरण यांची जोडी मोडूं नये. बाजरी व पालेभाजी यांतील लोह अंगीं लागावें म्हणून जेवणांत लिंबू किंवा आंवळा असावा, आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. या बेरजेंत विकतच्या पावडरीची चिमूटही नाहीं.

येथवर माझा अभिमान बरोबर होता. पुढें तो चुकला. दोन वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं मुलास बी-१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, त्या मीं बंद करविल्या. "आपल्या वाडवडिलांनीं काय गोळ्या खाऊन नांगर धरले?" असें मीं म्हणालों. माझा मान राखून तो गप्प राहिला. पौषांत एके दिवशीं तो म्हणाला, "काका, पायांना सारख्या मुंग्या येतात." रक्त तपासलें तों बी-१२ फारच कमी निघालें. हें जीवनसत्त्व धान्य, डाळ, भाजी यांत नसतें. दुधांत असतें, पण तेवढें पुष्कळांस पुरत नाहीं. उपचारानें तो सावरला, परंतु वर्षभर ज्या शर्यतीसाठीं झटला ती हुकली. आणखी हयगय झाली असती, तर मज्जातंतूंची हानि कायमचीही झाली असती.

शेतांत जस्त कमी पडलें तर आपण माती तपासून जस्त घालतों. त्यांत काळ्या आईचा अपमान मानीत नाहीं. मग पोराच्या रक्तांत जें उणें आहे तें भरून काढण्यांत आपल्या भाकरीचा अपमान कसा होतो?

म्हणून शेतकरी बंधूंस माझ्या दोन सूचना आहेत. तूर, हरभरा, भुईमूग बाजारांत नेण्यापूर्वीं घरच्या ताटाचा वर्षाचा वांटा आधीं बाजूस काढावा. आणि तिहेरी शर्यत असो कीं पोलीस-सैन्याची भरती, जो मुलगा वा मुलगी पहांटे धांवावयास जाते, तिचें रक्त वर्षांतून एकदां तपासून घ्यावें. मातीच्या तपासणीचा कागद आपण जपून ठेवतों. त्याच्याच शेजारीं हाही कागद असावा.