दात एक, हिशेब तीनचा

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू एक चिठ्ठी घेऊन आल्या. दवाखान्याच्या छापील कागदावर निळ्या शाईत तीन आकडे होते: ४५, ४६, ४७. पुढे लिहिले होते, ‘ब्रिज, सिरॅमिक, ३ युनिट’, आणि खाली रक्कम, १५,००० रुपये. काकूंनी चष्मा सरळ केला आणि विचारले, "माझी दाढ एकच गेली. मग पैसे तीन दातांचे का?" हा प्रश्न त्या मला विचारत होत्या तेव्हा काढलेल्या दाढेच्या मागचा आणि पुढचा, असे दोन दात आदल्या दिवशीच घासून झाले होते. माप लॅबमध्ये गेले होते. निम्मे पैसे भरून झाले होते.

प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. ओढ्यावर साकव घालायचा तर दोन्ही काठांना आधार लागतो. तोंडातल्या ब्रिजचेही तसेच आहे. मधला कृत्रिम दात हिरडीवर नुसता टेकतो, त्याला मूळ नसते. त्याचा भार शेजारचे दोन दात उचलतात. म्हणून ते दोन्ही चहूबाजूंनी तासून बारीक करायचे, त्यांच्यावर कॅप चढवायच्या आणि दोन कॅपांच्या मध्ये तिसरा दात जोडलेला ठेवायचा. असे तीन दात एकसंध तयार होतात आणि दर लागतो तो युनिटमागे. काकूंना दर होता ५,००० रुपये. तीन युनिट, पंधरा हजार. हिशेब चोख होता. पण तो समजावून सांगायला मला जेमतेम पाच मिनिटे लागली, आणि ही पाच मिनिटे दात घासण्याआधी कुणीच दिली नव्हती. आजचे हे टिपण त्या पाच मिनिटांसाठी आहे.

चिठ्ठीवरच्या आकड्यांचाही अर्थ काकूंना कुणी सांगितला नव्हता. दंतवैद्य तोंडाचे चार भाग धरतात. चौथा भाग म्हणजे रुग्णाची खालची उजवी बाजू. समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत गेले की सहावा दात म्हणजे पहिली मोठी दाढ, तीच ४६. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तेव्हा मुलाचे दुधाचे दात अजून पडत असतात, म्हणून घरोघरी हिलाही दुधाचाच दात समजतात. किडली तरी ‘पडेल आणि नवा येईल’ म्हणून सोडून देतात. तो नवा दात कधीच येत नाही. काकूंची दाढ अशीच लहानपणी किडली, तिशीत ठणकली, पन्नाशीत काढावी लागली. जागा रिकामी ठेवली की मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ खाली उतरू लागते, फटीत घास अडकतो आणि माणूस एकाच बाजूने चावू लागतो. म्हणून ब्रिज ही चैन नव्हे. भाकरी चावण्याची ती गरज आहे.

पंधरा हजार रुपये जातात कुठे, हेही रुग्णाला कळले पाहिजे, कारण ते कळले की डॉक्टरांवरचा निम्मा संशय आपोआप जातो. खुर्ची, एक्स-रे, भूल, निर्जंतुकीकरण, जागेचे भाडे, मदतनीसाचा पगार हे एकीकडे. दुसरीकडे लॅब. घासलेल्या दातांचे रबरासारख्या मसाल्यात माप घेतात, त्यावरून साचा ओततात. पारंपरिक पद्धतीत तंत्रज्ञ त्या साच्यावर मेणाचे दात घडवतो, मेणाच्या जागी धातू ओततो, धातू ट्रायलसाठी दवाखान्यात जाऊन येतो. मग सिरॅमिकची ओली पूड बारीक ब्रशने थरावर थर देत चढवायची, भट्टीत घालायची, शेजारच्या दाताच्या रंगाशी ताडून पाहायची. झिरकोनियाचा ब्रिज यंत्र एका पांढऱ्या, खडूसारख्या चकतीतून कोरते. कोरताना तो मुद्दाम मोठा कोरतात, कारण नंतर १,५०० अंशांच्या आसपास भाजताना तो २० ते २५ टक्के आक्रसतो आणि तेव्हा कुठे दातावर नेमका बसतो. एवढे हात आणि एवढे कसब त्या तीन दातांत असते. बिलावर यातले काहीही दिसत नाही. तिथे फक्त ‘३ युनिट’ असते.

म्हणून माझे म्हणणे दराबद्दल नाहीच. म्हणणे आहे ते क्रमाबद्दल. साडी आवडली नाही तर परत करता येते, कपाट बनवायला दिले तर लाकूड कापेपर्यंत मन बदलता येते. दाताचे तसे नाही. दाताचे वरचे कठीण आवरण एकदा घासले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. ज्या क्षणी शेजारचे दोन दात बारीक झाले, त्या क्षणी रुग्णापुढचे पर्याय संपले. आता कॅप बसवावीच लागणार, मग दर कितीही असो. नको म्हणण्याची मुभा ज्या घडीला संपते, तिच्याआधीच किंमत कळली पाहिजे. ब्रिजच्या बाबतीत ती घडी म्हणजे दातावर यंत्र टेकण्याची घडी. आधी कागद, मग घासणे. हा क्रम उलटा झाला की रुग्णाची संमती नावापुरती उरते.

त्या कागदावर काय असावे? फार काही नको, एक पान पुरे. किती युनिट आणि का. कोणत्या मटेरिअलचे: नुसत्या धातूचे, धातूवर सिरॅमिकचे की झिरकोनियाचे, आणि तिन्हींचे दर शेजारी शेजारी. धातू सर्वांत स्वस्त असतो, टिकतो, पण दिसतो. सिरॅमिक दाताच्या रंगाचे असते, पण कधीकधी टवका उडतो. झिरकोनिया महाग. एवढी तुलना कुठल्याही गृहिणीला एका बैठकीत समजते. तिने याहून अवघड हिशेब रोज केलेले असतात. मग ब्रिजखेरीज वेगळे लागू शकणारे पैसे: आधाराच्या दाताचे रूट कॅनल, हिरड्यांची सफाई, दात काढण्याचा खर्च. ‘लागलेच तर इतके’ असे आधी लिहिले की नंतर भांडण होत नाही. आणि ब्रिज करायचाच नसेल तर दुसरे काय: काढता-घालता येणारा दात, किंवा इम्प्लांट. इम्प्लांटचा आकडा ऐकून लोक दचकतात, पण त्यात शेजारचे निरोगी दात घासावे लागत नाहीत, ही गोष्ट आकड्याच्या बाजूलाच लिहिलेली हवी. सगळ्यात शेवटी, पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यायचे.

वॉरंटी कार्डाचाही खुलासा त्याच पानावर व्हावा. झिरकोनियाबरोबर दहा-पंधरा वर्षांचे रंगीत कार्ड मिळते आणि माणसाला वाटते, आता पंधरा वर्षे काळजी मिटली. बहुतेकदा ते कार्ड मटेरिअल तडकण्यापुरते असते. आतला आधाराचा दात किडला तर त्याची हमी कुणी देत नाही, आणि ब्रिज निकामी होण्याचे मोठे कारण नेमके हेच असते. कॅपच्या कडेला, हिरडीजवळ, कीड लागते आणि वरून दिसत नाही. मधल्या दाताखालून ब्रश जात नाही, तिथे खास धागा ओवून साफ करावे लागते. तो धागा कसा ओवायचा हे आरशासमोर एकदा करून दाखवणे हाही पंधरा हजारांच्या कामाचाच भाग आहे. नीट जपलेला ब्रिज दहा वर्षे सहज टिकू शकतो. १५,००० रुपये १२० महिन्यांत वाटले तर महिन्याला १२५ रुपये पडतात. न जपलेला ब्रिज चार वर्षांत निघाला तर तोच खर्च अडीचपट होतो, शिवाय आधाराचा दात गेला की पुढचा ब्रिज तीनऐवजी चार किंवा पाच युनिटचा करावा लागतो.

आता हे पैसे भरतो कोण? विमा बहुधा भरत नाही. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघात झाला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच काही मिळते. केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. खुर्चीवर बसून, संध्याकाळी घरी परतून घ्यायचा उपचार त्यांच्या चौकटीत मावत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये आणि मुंबई महापालिकेचे नायर दंत रुग्णालय इथे हे काम खूप कमी पैशांत होते, शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी ते मन लावून करतात. पण तिथे चकरा जास्त पडतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला प्रत्येक चकरेला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते आणि गावाहून येणाऱ्याला एसटीचे भाडेही. म्हणजे अखेर बहुतेक घरांत हे पैसे भिशीतून, बचत गटाच्या कर्जातून, मुलाच्या क्रेडिट कार्डावरून उभे राहतात. आणि घरातल्या खर्चाच्या रांगेत बाईचे दात सर्वांत शेवटी उभे असतात. मुलाची फी, सासऱ्यांची औषधे, पंपाची मोटर, मग आईची दाढ. इतकी वर्षे थांबून ती जेव्हा अखेर खुर्चीवर बसते, तेव्हा तिला रक्कम आधी सांगणे हे कुणाचे उपकार नव्हेत.

कायद्याने काय दिले आहे? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत उपचारांचे दर आधी कळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून रुग्णालयांत सनद आणि दरपत्रक लावणे आवश्यक केले. पण हा कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांचा आहे. एका खोलीत एक खुर्ची टाकून चालणारा दातांचा दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले, पण ते दार नुकसान झाल्यावर ठोठावायचे. घासण्याआधीच्या त्या पाच मिनिटांची सक्ती व्यवहारात कुठे दिसत नाही. म्हणूनच ही जबाबदारी दंतवैद्यांच्या संघटनांनी स्वतःहून उचलावी. मराठीत छापलेला एक पानी नमुना तयार करावा, गावोगावच्या दवाखान्यांत वाटावा, आणि त्यावर रुग्णाची सही झाल्याखेरीज दाताला यंत्र लावायचे नाही असा दंडक घालून घ्यावा. राज्य सरकारने एक खुर्चीच्या दवाखान्यालाही दरफलक लागू करावा. यात डॉक्टरांचे काही जात नाही. उलट ‘दातवाले लुटतात’ हे जे सर्रास बोलले जाते, त्याला याहून चांगले उत्तर नाही.

आणि आपणही बोलायला शिकले पाहिजे. डॉक्टरांना पैशांचे विचारले तर त्यांना राग येईल, ही भीती खुर्चीवर बसण्याआधी बाहेर ठेवावी. "एकूण किती, कशाकशाचे, आणि दुसरा काय मार्ग आहे, हे लिहून देता का?" हे एक वाक्य पुरते. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही.

काकूंना घेऊन मी त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, कामात नीटस. त्यांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर तीन दात काढून दाखवले, आधार कुठला, मधला कुठला, धातू कुठे, सिरॅमिक कुठे. कुठेही लबाडी नव्हती. उपचार योग्य होता, दर त्या भागात चालतो तोच होता. काकू शेवटपर्यंत मन लावून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "नुसत्या धातूचा केला असता तर किती झाले असते?" डॉक्टरांनी आकडा सांगितला. तो निम्म्याहून कमी होता. "पण हसताना पुढचा थोडा दिसला असता," ते म्हणाले.

"दिसू दे की," काकू म्हणाल्या. "उरलेल्या पैशांत वरच्या दाढेचं रूट कॅनल झालं असतं. ती अजून ठणकतेय."

डॉक्टर गप्प झाले. सिरॅमिकचे काम लॅबमध्ये सुरू झाले होते.