कमान झाली, अंगणवाडी कुठंय?

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीच्या तोंडावर नवी कमान उभी राहिली. दगडी खांब, वर निळा रंग, सोनेरी अक्षरं. सरपंचानं नारळ फोडला, आपल्याच पोरांनी त्याच्या गळ्यात हार घातला. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू? बाबासाहेबांचं नाव दिसलं की आपले हात आपोआप वर जातात.

दुसऱ्या दिवशी गिरणीतनं रातपाळी करून त्याच कमानीखालनं घरी चाललो होतो. खांबाच्या सावलीला सात-आठ वर्षांची पोरगी बसलेली. मांडीवर भाऊ, दीडेक वर्षाचा. नाकाला शेंबूड, अंगात नुसती बंडी.

म्हटलं, "शाळंला नाय गेलीस व्हय गं?"

म्हणाली, "आय खुरपायला गेलीया. ह्याला कोण बघंल, दादा?"

दोस्तांनो, माझी झोप तिथंच उडाली. कारण ती पोरगी म्हणजे मीच होतो. सहावीतनं माझं नाव गळालं ते असंच. शिक्षण हक्काचा कायदा तेव्हा लागू झालेला होता, 1 एप्रिल 2010 पासून. कायदा दिल्लीत लागू होता, आणि माझ्या पाठीवर माझी धाकटी बहीण लागू होती. तीन वर्षांची होईस्तोवर अंगणवाडी तिला बसवून घेत नव्हती. तीनाची झाली, तर अंगणवाडी कालव्यापल्याड, पाटलांच्या आळीत. तीही दुपारी सुटायची आणि आईचं खुरपण सुटायचं पाचला. मधल्या वेळेचं काय? मधल्या वेळेला मी होतो.

पुढं जे काही वाचलं ते रद्दीच्या दुकानात आणि गिरणीच्या कँटीनमध्ये. लोक म्हणतात, गरिबी नशिबात असते. माझी गरिबी नकाशात होती. अंगणवाडीची खोली कालव्याच्या कुठल्या अंगाला बांधायची हे कुणीतरी कुठंतरी बसून ठरवलं होतं. ठरवताना आमच्या वस्तीची लेकरं मोजली नव्हती. एवढीच गोष्ट आहे. आणि एवढ्याच गोष्टीवर मी आज भांडायला बसलोय.

ठरवतं कोण? ग्रामपंचायत. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. पंचायतीकडं द्यायचे 29 विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आले. प्राथमिक शिक्षण आहे, महिला-बालविकास आहे, दारिद्र्य निर्मूलन आहे, अनुसूचित जाती-जमातींचं कल्याण आहे. पंचायतीनं आराखडा करायचा तो आर्थिक विकासाचा आणि सामाजिक न्यायाचा, असं घटनेत दोन्ही शब्द जोडून लिहिलंय. आमच्या गावानं पहिला शब्द घेतला, दुसरा वेशीबाहेर ठेवला. जुनी सवय.

पैसा नाही म्हणतात. पैसा आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांवर आणि 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे, असा नियम आहे. जिल्हा परिषदेला मागासवर्गीयांसाठी 20 टक्के. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या वर्षांसाठी दिलेल्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधले होते, 40 टक्के गावानं आपल्या गरजेप्रमाणं वापरायचे होते. शिवाय दलित वस्ती सुधारचा पैसा वेगळा. 2020 च्या डिसेंबरात सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. फलक बदलले. गटार तेच राहिलं.

मग हा पैसा जातो कुठं? फिरून बघा. पेव्हर ब्लॉक. काँक्रीट. हायमास्ट दिवा. समाजमंदिर, ज्याची किल्ली समाजाकडं नसते. महिला-बालकल्याणाच्या नावावर शिलाई मशीन आणि फोटो. काँक्रीटचं बिल निघतं, बिलात टक्का निघतो. लेकराच्या पोटात गेलेल्या घासाचं असं बिल निघत नाही, म्हणून तो घास कुणाच्या आराखड्यात बसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019-21 चे आकडे बघा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली 35 लेकरं वयाच्या मानानं खुजी, 36 वजनानं कमी. 2015-16 च्या पाहणीतही जवळजवळ तेवढीच होती. मधल्या काळात किती किलोमीटर काँक्रीट झालं असंल?

आता ग्रामसभेचा खेळ ऐका. कोरम लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असंल ते. आपली बाया-माणसं सकाळी आठलाच रानात. कोरम भरत नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची गरज नसते. मग आठ-दहा टाळकी बसतात, रजिस्टर घरोघर फिरतं, अंगठे उमटतात, आणि अख्ख्या गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर. एकदा मी उठून विचारलं, "भाऊसाहेब, बालकल्याणाचे 10 टक्के कुठं गेले?" भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. मागनं कुणीतरी बोललं, "जयंतीला वर्गणी पायजे का नको तुमाला?" आणि आपलीच दोन पोरं मला म्हणाली, "बस की लका खाली."

इथं माझं खरं भांडण सुरू होतं. सरपंचाशी नंतर. आधी आपल्याशी.

गाव म्हणजे काय हे बाबासाहेबांनी आपल्याला सांगून ठेवलंय. 1932 साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत बिल आलं, तेव्हा त्यांनी विरोध केला. प्रौढ मतदान आणि अस्पृश्यांना राखीव जागा नसतील तर पंचायत म्हणजे गावच्या वरच्यांच्या हातात आणखी एक काठी, हे त्यांना दिसत होतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी गावाच्या गोडव्यांची लक्तरं काढली. आणि लांब कशाला? आपल्या इंदापूर तालुक्यातलं बावडा घ्या. 1972 साली तिथं दलितांवर बहिष्कार पडला. दलित पँथर उभी राहिली त्या मागच्या कारणांत बावडा आहे. बहिष्कारात पहिलं कोण उपाशी झोपतं? ज्याला उसनं मागायला जाता येत नाही ते. लेकरू.

म्हणून काही जण म्हणतात, गावच सडकं, तर ग्रामसभेत जायचंच कशाला? अरे, तुम्ही गेला नाही म्हणून ग्रामसभा थांबली का? बाबासाहेबांनी पंचायतीवर थुंकून घर गाठलं नाही. त्यांनी मत मागितलं, जागा मागितली. ती जागा आज कायद्यानं आहे. आपला मेंबर तिथं बसतोय. बसून काय मागतोय? कमान! आणि कमान मिळाली की आपण गप्प. चार लाखांच्या दगडात त्यांनी आपलं वर्षाचं तोंड बंद केलं. बाबासाहेबांच्या नावाखाली बाबासाहेबांची नात भाऊ सांभाळत बसली, आणि आपण डीजेपुढं नाचलो. राग आला? येऊ द्या. मला त्या सकाळपासून येतोय.

आता वस्तीच्या पलीकडं बघा, कारण आपल्यापेक्षाही खाली कुणीतरी आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर. सगळा उसाचा पट्टा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की बीड, नगर, जालन्याकडनं कोयते येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, मुकादमाच्या हातात दोरी. रस्त्याच्या कडेला कोप्या. पहाटे आई फडात, लेकरू पाचटावर. दहा वर्षांची पोर भाकरी थापती, तान्ह्याला झोळीत हलवती. त्यात आपल्या जातीची किती आहेत हे मोजायच्या आधी ती लेकरं आहेत एवढं मोजा.

आणि गंमत बघा. गावाच्या आराखड्याची मोहीम 2018 पासून धरतात ती 2 ऑक्टोबरच्या सुमाराला. म्हणजे यांच्या मूळ गावात आराखडा लिहायच्या दिवसांत हे तिथनं निघालेले. इथं आले तर इथले मतदार नाहीत. तिथल्या वहीत गैरहजर, इथल्या वहीत नावच नाही. साखरशाळा निघाल्या, गावाकडं हंगामी वसतिगृहं निघाली. कुठं चालली, कुठं बंद पडली. पण ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाच-पाच महिने ही लेकरं राहतात, तिच्या आराखड्यात त्यांच्यासाठी एक नळ, एक संडास, एक पाळणाघर लिहायला कुणाच्या बापाची हरकत आहे? 2005 च्या रोजगार हमी कायद्यातसुद्धा होतं, कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. सरकारी खड्ड्यावर जे शहाणपण सुचलं ते उसाच्या फडात सुचायला काय झालं?

शहरात तरी बरं आहे का? बारामतीचा विकास बघायला लांबनं लोक येतात. बघा, जरूर बघा. पण नगरपालिकेचा विकास आराखडा कुणी उलगडून बघितलाय? 1966 च्या नगररचना कायद्याखाली शहराचा नकाशा होतो. त्यात शाळेला, मैदानाला, दवाखान्याला जागा राखून ठेवतात. त्यालाही आरक्षणच म्हणतात. 10 वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि ठरल्या मुदतीत नगरपालिका हलली नाही तर आरक्षण उडतं. आपल्या आरक्षणावर चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत बोंबा मारणारे लेकरांच्या मैदानाचं आरक्षण उडताना कुठं असतात? आणि आपण कुठं असतो? नकाशावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा बिल्डरचा वकील जातो. झोपडपट्टीतनं कोण जातं? 2022 च्या सुरुवातीपासून नगरपालिकांवर प्रशासक बसले, मार्चपासून पुणे जिल्हा परिषदेवरही. बारामती-इंदापूरच्या नगरपालिकांचं मतदान व्हायला 2025 चा डिसेंबर उजाडला. जवळजवळ चार वर्षं. तेवढ्यात एक लेकरू पाळण्यातनं अंगणवाडीत जातं. आपण एक तरी मोर्चा काढला?

होत नाही असं नाही. केरळात 1996 साली लोकयोजना धरली, राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा खाली पंचायती-नगरपालिकांकडं दिला. 2021 पासून तिथं अतिगरीब घरं हुडकली, 64,006 कुटुंबं, आणि एकेका घराचा वेगळा आराखडा केला. कुणाला घर, कुणाला औषध, कुणाला नुसतं रेशनकार्ड. 1 नोव्हेंबर 2025 ला अतिगरिबी संपल्याचं सरकारनं जाहीर केलं, त्यावर आदिवासींनी आणि अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. घेऊ द्यात. पण नाव लिहून, घर मोजून, मग पैसा, ही रीत आपण उचलायची.

म्हणून सांगतो, यंदा 2 ऑक्टोबरच्या आधी वस्तीवस्तीत वही काढा. सायक्लोस्टाईलच्या अंकाला कागद मिळतो, तर वहीला मिळंल. एकेका लेकराचं नाव लिहा. वय, वजन, शाळेत जातं का, जन्माचा दाखला, जातीचा दाखला, घरी सांभाळायला कोण. कोप्यांवर जा, तिथलीही लिहा. मग महिला सभेत आपल्या आयांना उभं करा, कारण महिला सभा ग्रामसभेच्या आधी होते. कोरम भरून दाखवा, एक दिवस खाडा झाला तरी चालंल. ती वही टेबलावर आपटा आणि ठराव लिहून घ्या. अंगणवाडी वस्तीत. पाळणाघर मजुरी सुटेपर्यंत. 15 आणि 10 टक्क्यांचा हिशोब फलकावर. नाही लिहिला, तर माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आहेच. शहरातल्या पोरांनी आरक्षणाच्या जागांची यादी काढून एकेका जागेवर जाऊन उभं राहावं.

आणि ठराव झाला की घरी जाऊ नका. महाडचं आठवा. चवदार तळं सगळ्यांना खुलं, असा ठराव महाडच्या नगरपालिकेनं 1924 सालीच केला होता. तीन वर्षं तो दप्तरात पडून होता. कागदावर तळं खुलं, काठावर आपली माणसं तहानलेली. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदाला पाणी लागलं. त्याच ऑगस्टात नगरपालिकेनं ठराव मागं घेतला. एवढी भीती वाटली त्यांना एका ओंजळीची.

ठराव करणं नगरपालिकेचं काम. ओंजळ भरणं आपलं.

त्या पोरीचं नाव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. इथं छापत नाही, ते ग्रामसभेत वाचणार आहे. तेव्हा मला "बस खाली" म्हणायला कोण उठतंय ते बघतो.

जयभीम.